कोणाला उद्देशून नाही

निबंधाच्या पेपरावर तपासणाऱ्यानं लाल शाईचे इतके गोल काढले होते, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं कोणी संत्र्यांचा ढीगच काढून ठेवलाय. ओमप्रकाश खासबागेनं चष्मा पुसला, पेपर खिडकीजवळ नेला आणि एकेक गोल नीट पाहिला. सगळ्या गोलांत एकच शब्द अडकलेला. तुम्ही. तुम्हाला. तुमचं. पुन्हा तुम्ही. खाली शेरा होता, 'हा निबंध आहे, भाषण नव्हे. अनुत्तीर्ण.'

आता याला काय म्हणावं! मजकुरात एक अक्षर खोटं नव्हतं. विषय होता 'फळबाजारातील स्वच्छता', आणि ओमप्रकाशचं निम्मं आयुष्य फळबाजारात गेलेलं. कुठली नाली कुठं तुंबते, सडका माल कोण कुठं लोटतो, सगळं त्यानं जसंच्या तसं लिहिलं होतं. 'तुम्ही गेटातून आत या, डाव्या हाताला पाहा, तुम्हाला नाक दाबावं लागेल.' यात चुकलं कुठं? नाक दाबावं लागतच होतं. तपासणारा साहेब कधी त्या गेटातून आत आला असता तर त्याचाही हात नाकाकडंच गेला असता.

वरूडच्या अलीकडं, एका सहकारी संस्थेनं चालवलेला तो वर्धामाय फळबाजार. ओमप्रकाश तिथं हर्रास पुकारायचा. शेतकरी संत्र्याचे ढीग लावून उभे, भोवती व्यापाऱ्यांचं कडं, आणि मधोमध हा गडी बोली वाढवत नेणारा. घरचे मूळ भाजीवाले, वांगी आणि शेवंती पिकवून विकणारे. लहानपणी आठवडी बाजारात आईजवळ बसून ओरडण्याची जी सवय लागली ती पोटापाण्याला आली. आवाज असा की बाजाराच्या मागच्या टोकाला चहा पीत बसलेला व्यापारीही कप ठेवून उठायचा.

आणि त्या बाजाराची एक रीत होती. हर्राशीत कोणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की हा अमक्याचा भाऊ, तो तमक्या गटाचा, असे फाटे फुटतात आणि भांडणं लागतात. म्हणून पुकारणाऱ्यानं माणसाच्या डोळ्यात पाहायचं आणि म्हणायचं, तुमी बोला. तुमची बोली खाली हाय. तुमी वाढवा. आणि शेवटी ज्याच्याकडं पाहून 'झाला तुमचा' म्हटलं, त्याचा माल झाला. मग त्याला मागं फिरता येत नसे. एकदा एका नव्या व्यापाऱ्यानं 'मी बोललोच नाही' म्हणून कानावर हात ठेवले, तर सगळा बाजार त्याच्यावर धावून गेला होता. ओमभाऊंनी तुमच्याकडं पाहून म्हटलं ना? मग संपलं. उचला माल.

तर अशा माणसाला कोणी सांगावं की बाबा, लिहिताना 'तुम्ही' म्हणू नको!

पण सांगणं भाग पडलं, कारण त्याचा गळा गेला. एका हंगामात आवाज बसला तो उठेचना. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, शेवटी अमरावतीच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. जिवाला धोका नाही, पण ओरडणं आजपासून बंद. कमी बोला, हळू बोला. संस्थेनं हर्राशीला नवा पोरगा ठेवला आणि ओमप्रकाशला तूर्त म्हणून गेटवर नंबराच्या चिठ्ठ्या वाटायला बसवलं. तूर्त म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. सचिव खुशालराव साहेबांनी मात्र एक वाट दाखवली. जुन्या माणसांसाठी संस्थेची खात्यांतर्गत परीक्षा असते, ती पास झाली तर कार्यालयात लेखनिक म्हणून घेता येतं. दोनदा बसता येईल, तिसऱ्यांदा नाही. पहिली संधी त्या लाल गोलांनी गिळली. आता एकच उरली होती. ती गेली असती तर भावाच्या शेवंतीच्या वावरात पाणी द्यायला जावं लागलं असतं, तेही भावजयीनं चहा विचारला तर.

"शिकवणी लावा न," बायको वर्षाली म्हणाली. "पोरं नाई का लावत."

"या वयात मी शिकवणीले जाऊ?"

"मंग काय वावरात जाता?"

झालं. शिकवणी लागली.

सोमवारी बाजार बंद असायचा. ओमप्रकाश सकाळची एसटी धरून अमरावतीला यायचा, पंचवटीला उतरून ऑटोनं राजकमल चौकात, आणि तिथल्या एका गल्लीतल्या मेसवरच्या मजल्यावर पौर्णिमा मॅडमच्या क्लासमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायचा. गळ्याला मफलर, हातात पिशवी. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं कोणाचे तरी वडील आलेत. एकीनं उठून खुर्ची दिली. त्याला इतकं कानकोंडं झालं की पाणी प्यायच्या निमित्तानं तो दोनदा बाहेर जाऊन आला.

पौर्णिमा मॅडम अकोल्याच्या. तिशीच्या, एम. ए. झालेल्या, बारीक चणीच्या, आणि कायम दमलेल्या. स्पर्धा परीक्षेची पोरं त्यांच्याकडं निबंध शिकायला यायची आणि प्रत्येक पोरगं मोबाइलवरच्या भाषणासारखं लिहायचं. 'मित्रांनो, तुम्ही ठरवलं तर काय करू शकत नाही?' हे वाक्य खोडून खोडून मॅडमचं मनगट दुखायला लागलं होतं. त्यामुळं ओमप्रकाशचा तो लाल गोलांचा पेपर पाहून त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही. त्यांनी फक्त सुस्कारा टाकला.

मग त्यांनी समजावलं, आणि समजावलं ते खरंच नीट समजावलं. काका, तुमच्यासमोर कोणी नाही. वाचणारा कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. तो गेटातून आत आला, त्यानं नाक दाबलं, हे त्याच्या वतीनं तुम्ही कसं ठरवलं? तो म्हणेल, मी कशाला आलो तुमच्या बाजारात? म्हणजे मुद्दा बाजूला राहतो आणि वाचणाऱ्याशीच भांडण सुरू होतं. नालीबद्दल लिहायचं तर नालीला पुढं करा. वाचणाऱ्याला ओढू नका. निबंध कोणाला उद्देशून नसतो.

"मंग लिहाचा कावून?" ओमप्रकाशनं विचारलं.

अख्खा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. परीक्षेसाठी, काका, एवढंच म्हणाल्या.

त्याला मुद्दा पटला नव्हता असं नाही. पटला होता, आणि म्हणूनच जास्त वैताग आला. डोक्याला पटतं आणि हाताला जमत नाही, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही. घरी येऊन तो 'वृक्षांचे महत्त्व' लिहायला बसायचा. पहिली ओळ ठीक यायची. दुसऱ्या ओळीला कोण जाणे कुठून समोर एक माणूस येऊन उभा राहायचा, पान चघळणारा, कमरेवर हात ठेवलेला, आणि ओमप्रकाशचा पेन त्याला म्हणायचा, 'तुम्हीच सांगा, तुम्ही उन्हात उभे राहिलात तर...' की गेलं सगळं. कागद चुरगळून फेकला. दुसरा घेतला. परत तोच माणूस हजर. तळपायाची आग मस्तकात जायची. ओरडून मोकळं व्हावं तर ओरडायलाही डॉक्टरची बंदी. दात खाऊन तो अंगणात येरझारा घालायचा आणि वर्षाली स्वयंपाकघरातून म्हणायची, एवढं तर पहिल्या हर्राशीलेही घामेजले नव्हते तुमी.

पुढच्या सोमवारी पुन्हा गोल. त्याच्या पुढच्या सोमवारी थोडे कमी, पण गोल. मॅडमचाही धीर सुटत चालला होता. एकदा त्यांनी वही बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, काका, तुम्हाला लिहिताना माणूस दिसतो ना, त्याला घालवून द्या बघू आधी. ओमप्रकाशला मनातून फार लागलं. त्यानं आजवर त्या कड्यातून एका माणसाला घालवून दिलं नव्हतं. लहान शेतकरी असो की मोठा व्यापारी, ज्याच्याकडं पाहिलं त्याला बोलू दिलं होतं. एसटीत खिडकीशी बसून तो मोर्शीपर्यंत धुमसत राहिला. शेजारच्यानं तंबाखू पुढं केली तर त्याच्यावरही खेकसला, म्हणजे जेवढं त्या गळ्यातून खेकसता येतं तेवढं.

आणि मग त्याला औषध सापडलं. मॅडमकडं नाही, बाजाराच्या कार्यालयात सापडलं. नंबराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणायला तो आत गेला होता, तेव्हा फळ्यावर लावलेली परिपत्रकं त्यानं पहिल्यांदा लक्ष देऊन वाचली. 'असे निदर्शनास आले आहे.' 'कळविण्यात येते.' 'दक्षता घेतली जावी.' बापरे! एकाही ओळीत माणूस नाही. ना सांगणारा, ना ऐकणारा. त्यानं तिथंच उभ्या उभ्या मनात करून पाहिलं. तुम्ही सडका माल नालीत टाकता. सडका माल नालीत टाकला जातो. अरेच्चा! तो पान चघळणारा माणूस गेला की.

सोमवारी त्यानं मॅडमपुढं वही ठेवली. एकही गोल पडला नाही. मॅडमनी दोनदा पान उलटून पाहिलं. छान, म्हणाल्या. मग पेनाचं टोक एका ओळीवर टेकवून म्हणाल्या, काका, 'तुम्ही' काढलंत ते बरोबर, पण त्याच्याबरोबर करणाऱ्यालाही काढलंत. 'टाकला जातो' म्हणजे कोण टाकतं? 'व्यापारी टाकतात' असं लिहा ना सरळ. वाचणाऱ्याकडं बोट नको, पण करणाऱ्याचं नाव हवं. ओमप्रकाशनं मान डोलावली. पण परीक्षेला पंधरवडा राहिला होता, एक औषध मोठ्या मुश्किलीनं लागू पडलं होतं, आणि त्यात आता कोण नवीन काढा ढवळत बसतो? करणारा आणला की त्याच्या मागं मागं तो कमरेवर हात ठेवणारा परत येईल अशी त्याला धास्ती होती. त्यानं ती सूचना सोडून दिली.

औषधानं मात्र चांगलाच अंमल बसवला. जेवताना तो म्हणाला, "भाजीत मीठ जास्त टाकण्यात आलेलं दिसते."

"कोनं टाकलं तेही सांगा न मंग," वर्षाली म्हणाली.

तो हसला. खूप दिवसांनी हसला. दोघंही हसले.

परीक्षेत विषय आला 'ग्रामीण बाजारपेठेसमोरील आव्हाने'. ओमप्रकाशनं पानांमागून पानं भरली. आव्हाने निर्माण होत होती, उपाययोजना केल्या जात होत्या, शेतकऱ्यांचे नुकसान होताना दिसून येत होते. माणूस म्हणून कुठं फिरकला नाही. निकाल लागला. पास. निबंधाला सगळ्यांत जास्त गुण. खुशालराव साहेबांनी स्वतः पेढा भरवला, वर्षालीनं गल्लीत वाटले, भावानं शेवंतीचा हार आणला आणि भावजयीनं न विचारता चहा दिला. पौर्णिमा मॅडमना फोन केला तर त्या इतक्या आनंदल्या की वर्गातल्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. ओमप्रकाशचे डोळे भरून आले. माणसाला आणखी काय पाहिजे?

लेखनिकाची खुर्ची मिळाली, पण सहा महिने परिवीक्षाकाळ. तेवढ्यात काही वावगं झालं तर घरी. साहेबांनी ते हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. ओमप्रकाश मान खाली घालून काम करू लागला. पंखा, टेबल, पाण्याचा जग, आणि ओरडायचं नाव नाही. गळाही हळूहळू सुधारत होता. साहेबांना त्याची भाषा फार आवडायची. कोणतंही पत्र असो, कोणाला लागत नाही आणि काम होतं, असं ते दुसऱ्या संस्थेच्या लोकांना कौतुकानं सांगायचे.

मार्चमध्ये मृग बहाराचा माल जोरात होता. एका सकाळी चतुराबाई आली. नदीकाठच्या एका खेड्यातली, मालक वारल्यावर झाडं एकटीनं सांभाळणारी बाई. ती वर्षानुवर्षं माल इथंच आणायची, कारण पुकारायला ओमभाऊ असायचे. बाई म्हणून व्यापारी तिची बोली दाबायला पाहायचे आणि ओमभाऊ एकेकाच्या डोळ्यात पाहून ती वर चढवायचे. तिनं शेडमध्ये ढीग लावला. ट्रॉली भाड्याची होती, ती परत करायला गावी जाणं भाग होतं. हर्रास दुपारी. ती कार्यालयाच्या दारात आली आणि म्हणाली, मी जाऊन येतो, ओमभाऊ, तुमी हाय न इथं. ओमप्रकाशनं हो म्हटलं.

ती गेली आणि तासाभरात साहेबांचा निरोप आला. एका मोठ्या व्यापाऱ्याची रिकामी कॅरेटं उतरवायची आहेत, शेडमध्ये जागा करून द्या. ओमप्रकाश बाहेर आला. दाराजवळचा ढीग चतुराबाईचा होता. त्यानं हमालांना हातानं खूण केली, हा मागं घ्या. हमालांनी ढीग शेडमागं उघड्यावर नेऊन टाकला. दुपारपर्यंत परत आत घ्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, अगदी पक्कं ठरवलं होतं. पण साहेबांना वार्षिक अहवाल त्याच दिवशी हवा होता. ओमप्रकाश लिहायला बसला. लिहिणं आता इतकं सुरळीत चालायचं की वेळेचं भान राहायचं नाही. हर्रास झाली, शेडमधले सगळे ढीग गेले. मागच्या ढिगाकडं पुकारणाऱ्या नव्या पोराचं लक्ष गेलं नाही. चतुराबाईची बस चुकली, ती पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार. दोन दिवसांचं मार्चचं ऊन खाऊन फळ मऊ पडलं, खालच्या थराला पाणी सुटलं. शेवटी रसवाल्यांनी नेलं, तेही उपकार केल्यासारखं.

ओमप्रकाशला दोन दिवस जेवण गेलं नाही. वर्षालीनं विचारलं तर गळा दुखतो म्हणाला.

चतुराबाईनं कोणाच्या तरी पोराकडून तक्रार लिहून आणली. साधी, चार ओळींची. माझा माल शेडमध्ये होता, तो बाहेर कोणी टाकला ते सांगा. साहेबांनी ती वाचली, ओमप्रकाशच्या टेबलावर सरकवली आणि म्हणाले, तुमच्या पद्धतीनं एक छानसं उत्तर लिहून टाका. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं त्यांच्याकडं. जागा करायला कोणी सांगितलं आणि ढीग कोणी उचलायला लावला, ते दोघांनाही माहीत होतं. परिवीक्षाकाळ संपायला थोडे दिवस उरले होते.

ओमप्रकाशनं पेन उचलला. वाटलं होतं आज हात अडखळेल. अडखळला असता तर बरं झालं असतं. पण नाही, सरसर उतरलं. 'आपल्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, जागेच्या तातडीच्या निकडीमुळे सदर माल अन्यत्र हलविण्यात आला होता. त्यानंतर तो हर्राशीत समाविष्ट होण्याचे राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.' साहेबांनी वाचून पाठ थोपटली. सही त्यांचीच झाली, पण खाली डाव्या कोपऱ्यात लेखनिकाची आद्याक्षरं घालायची पद्धत होती, ती ओमप्रकाशनं घातली.

आठवड्यानं चतुराबाई ते पत्र घेऊन आली. दुपारची वेळ, कार्यालयात शिपायाशिवाय कोणी नव्हतं. साहेब केबिनमध्ये फोनवर बोलत होते. ती टेबलासमोर उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि पत्र पुढं केलं.

"ओमभाऊ, गावातल्या पोरानं वाचून सांगतलं, पन मले काही समजून राह्यलं नाई. तुमी वाचून दाखवा."

त्यानं वाचून दाखवलं. बाई कान देऊन ऐकत होती. वाचून झालं तरी ती थांबली होती, जसं काही अजून एखादी ओळ उरली आहे.

"हलवला म्हंते. कोनं हलवला?"

ओमप्रकाशनं पत्राकडं पाहिलं. पत्रात ते नव्हतं. मग त्यानं बाईकडं पाहिलं. हर्राशीत पाहायचा तसंच, सरळ डोळ्यात. अशा वेळी पूर्वी त्याच्या तोंडून पुढचा शब्द आपोआप निघायचा. आताही निघेल असं त्याला क्षणभर वाटलं. मी हलवला, बाई. साहेबांनी जागा करायला सांगितलं, आणि मी तुमचा ढीग उचलायला लावला, आणि मी विसरलो. एवढंच तर म्हणायचं होतं. ओठ हललेही.

"चौकशी करण्यात येईल, बाई," तो म्हणाला.

"कोन करीन?"

त्यानं पत्र तिच्यापुढं सरकवलं. वर पंखा फिरत होता. केबिनमधून साहेबांचं हसणं ऐकू आलं. चतुराबाई त्याच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. मग तिची नजर खाली त्याच्या मफलरवर गेली आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"राहू द्या, ओमभाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरनं मना केलं न तुमाले बोलाचं. मी बी कशी, उगा तुमाले बोलाले लावून राह्यलो. तुमी पुकारत होते तवा माह्या मालाले कोनी हात लावला नसता. तुमचा गळा बसला अन् आमचं नशीब बसलं. जपा जिवाले."

तिनं पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघाली. दारात शिपाई उभा होता. त्यालाही जाता जाता सांगून गेली की भाऊले जास्त बोलाले लावत जाऊ नका.

ओमप्रकाश खुर्चीत बसून राहिला. कालच तो डॉक्टरकडं जाऊन आला होता. गाठी विरल्या होत्या आणि गळा अगदी मोकळा होता.